वारंगुळ्याचे दिवस

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. माणसं वाईट नसतात. येतात, दारात चपला काढतात, नारळ नाहीतर बिस्किटाचा पुडा पुढं करतात, खाटेकडं बघून हळहळतात आणि उठताना म्हणतात, "काही लागलं तर सांगा बरं का." एका वर्षी मी खरोखरच सांगितलं. तेव्हापासून आमच्या नात्यातली बरीच माणसं माझ्याशी बेतानंच बोलतात.

आजारी होत्या त्या माझ्या थोरल्या नणंदबाई. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. माहेर कंधारकडचं, म्हणजे माझं सासर. त्यांना दिलं होतं उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात. तिकडं सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात. त्यामुळे अक्का तिथं आयुष्यभर 'कंधारवाली' राहिल्या. त्यांची शेजारीण 'बिदरवाली'. मी मुदखेडला शाळेत शिकवत होते आणि आमचे हे रेल्वेत होते. मला तिकडं सगळे 'मास्तरीण' म्हणायचे, त्यात मान किती आणि टोमणा किती हे माणसागणिक बदलायचं.

त्या साली पाऊस नव्हता, आदल्या सालीही नव्हता. अक्कांच्या गावाला टँकरनं पाणी यायचं. विहिरीत गाळ, रानात ढेकळं, आणि सगळं गाव हमीच्या कामावर, पाझर तलावाच्या बांधावर माती टाकत होतं. त्यातच त्यांचा तालुका जुन्या जिल्ह्यातून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेला होता. गावात हलगी वाजवून पेढे वाटले होते म्हणे. पेढ्यांचं मला काही माहीत नाही, पण नवा जिल्हा म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात नीट कळलं.

संक्रांतीला मी वाण घेऊन गेले तर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा हळदीसारखा. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. अंगावरून जात होतं. कधीपासून, तर पोळ्यापासून. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. दाजींना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, एवढंच माहीत की बायको हल्ली उठबस कमी करते.

मी त्यांना नांदेडला आणलं, नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं. मनमाडला गाडी बदलून आम्ही नवराबायको त्यांना घेऊन गेलो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "ऑपरेशनची वेळ गेलेली आहे. शेक दिले तर चांगली आशा आहे. पण उशीर करू नका. होळीच्या आधी इथं या." शेक म्हणजे मशिनचे किरण. रोज घ्यायचे, महिना-दीड महिना. दवाखान्याजवळ एक धर्मशाळा होती, तिथं पेशंट आणि सोबत एक माणूस राहू शकत होतं. बायकांच्या बाजूला सोबत बाईच पाहिजे, हा तिथला नियम.

इतकंच करायचं होतं. पैसा, तिकीट आणि एक बाई.

पैशासाठी सरकारी मदत मिळते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी अर्ज लिहिला आणि दाजींना बरोबर घेऊन जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, गावाचं नाव वाचलं आणि हसला.

"मॅडम, तुमचं गाव आता आमच्याकडं नाही."

"मग कुणाकडं आहे?"

"नव्या जिल्ह्याकडं."

नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. एका भाड्याच्या इमारतीत टेबलं लावणं चालू होतं. तिथला साहेब सज्जन होता, त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. एवढ्या खुर्च्या होत्या म्हणूनही असेल. म्हणाला, "तुमच्या तालुक्याची दप्तरं अजून जुन्या जिल्ह्यातून यायची आहेत. ती आली की बघू."

"कधी येतील?"

"ट्रक मिळाला की."

"आणि ट्रक कधी मिळेल?"

"बाई, ट्रक सगळे पाण्याला लागलेत."

 टँकर थांबवून आमची दप्तरं आणा, असं तर मी म्हणू शकत नव्हते. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "साहेब माणूस चांगला वाटला."  त्या दिवसांत भेटलेला प्रत्येकजण चांगलाच होता, आणि काम कुणाकडूनच होत नव्हतं. त्या अर्जाचं पुढं काय झालं ते मला आजही माहीत नाही. शेवटी दाजींनी बैल विकले. चारा नव्हताच, ते आज ना उद्या जाणारच होते. आमच्या ह्यांनी फंडातून काही उचललं.

तिकिटाचं काम मात्र सरळ झालं. दवाखान्याच्या शिक्क्यावर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत मिळायची. तुमचं गाव कुठल्या जिल्ह्यात आहे, हे रेल्वेनं विचारलं नाही.

राहिली बाई.

मला परीक्षा संपेपर्यंत सुटी नव्हती. अक्कांना दोन मुलगे, लेक नाही. थोरला सुरतेला कामाला, लग्न नाही, धाकटा शिकणारा. पुरुष सगळे तयार होते. दाजी म्हणाले मी जातो, आमचे हे म्हणाले मी रजा काढतो, चुलत दीर म्हणाले मी तर मुंबई कोळून प्यालोय. पण बायकांच्या बाजूला यांतल्या कुणालाच उभं केलं नसतं, आणि अक्कांनी रक्ताची फडकी पुरुषांच्या हातात दिली नसती.

मग मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारायला लागले. त्या आठवड्यात अक्कांकडं रीघ लागली होती. आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. 'पोटाचं दुखणं' म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे. येणाऱ्या प्रत्येकाला तांब्याभर पाणी आणि कपभर चहा. पाणी टँकरचं, भरून आणायचं बिदरवालीनं, कारण अक्कांना घागर उचलवत नव्हती. आणि जाताना ते एकच वाक्य. अक्कांची मावसबहीण ते म्हणाली तेव्हा मी विचारलं, "लागतंय की. होळीपासून एक आठवडा मुंबईला राहता का अक्कांजवळ?"

ती बाई पदर सावरत म्हणाली, "अगं बाई, मला शहराची हवा बाधते."

अक्कांच्या जावेला विचारलं. ती म्हणाली, "हे माहेरच्यांनी बघायचं असतं."

मी म्हटलं, "माहेर म्हणजे मीच. माझी परीक्षा आहे."

"मग परीक्षा सोडा की."

एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "लागट नाही ना ते?" मी म्हटलं, "नाही. पण तुम्ही तिच्या घरचे तीन कप चहा प्यायलात, ते मात्र तिला लागलंय." हे मी बोलायला नको होतं असं आमच्या ह्यांचं मत होतं, आजही आहे.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा मी अक्कांची घागर घेऊन रांगेत उभी राहिले. पुढं बिदरवाली होती. काळी, उंच, मोठ्या आवाजाची बाई. मराठी बोलताना मधूनच कानडीत घसरायची.

"मास्तरीणबाई, घागर डोक्यावर घ्यायची असती. तुमी काखंत धरलाव पुस्तकावानी."

"तुम्ही जाल का हो मुंबईला अक्कांबरोबर?" मी थेटच विचारलं. आता मला कुणालाही विचारायची सवय झाली होती.

"यव्वा! मी गेले तर माजी हजेरी कोण भरंल? तिकडं बांधावर गैरहजर लावत्यात. आन घरात पाणी?"

मागची एक म्हणाली, "आठ दिस म्हणलं तर जाता येईल. महिनाभर कोण जाईल?"

मला एकदम माझे वडील आठवले. त्यांच्याकडं एकच बैल होता, शेजाऱ्याकडं एक. दोघांचा वारंगुळा होता: आज दोन्ही बैल आमच्या रानात, उद्या त्यांच्या. खुरपणीला बायकांचाही असाच चालायचा. पैशाचा संबंध नाही. दिवसाला दिवस. मी रांगेतच म्हटलं, "वारंगुळा करा. एकेकीनं एक आठवडा जायचं. जी जाईल तिच्या घरचं पाणी बाकीच्यांनी भरायचं, तिच्या पोरांना भाकरी घालायची. शेवटी परीक्षा संपली की मी जाते."

"आन रोज बुडंल त्याचं?"

"तो मी भरीन."

 मग बिदरवाली म्हणाली, "हाव. जमतंय." तिच्यासकट चौघी तयार झाल्या. मी इतकी खूश झाले की घागर खरंच डोक्यावर घेतली आणि निम्मं पाणी अंगावर सांडून आणलं.

अक्कांना सांगितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बघू." मी मुदखेडला परत आले, तिकिटं काढली, तर त्यांचा निरोप आला, आठ दिवस थांबा; तिकिटं पुढं ढकलली आणि होळी उलटल्यावर त्यांना न्यायला पुन्हा गेले.

घराला कडी. दाजी बांधावर कामाला. मी उन्हातून तलावाच्या कामावर गेले, तर तिथं लिंबाखाली अक्का. फांदीला दोन झोळ्या बांधलेल्या, एकीत एक पोर झोपलेलं, दुसरीत एक रडणारं, आणखी तीन-चार धुळीत खेळत होती. अक्का एका हातानं झोळी हलवत होत्या. दुसरा हात पोटाशी. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरलेला.

"अक्का, हे काय? गाडी उद्याची आहे."

"उद्या न्हाई जमायचं, मास्तरीण. अजून बायकांचे दिवस फिटायचेत."

"कसले दिवस?"

मग कळलं. वारंगुळा म्हटलं की दिवस फेडायचे. अक्कांनी हिशोब केला होता: ह्या बायका माझ्यासाठी दिवस देणार, मी ते फेडायचे कधी? मुंबईहून आले आणि पडून राहिले तर? आलेच नाही तर? म्हणून त्या आधीच फेडत होत्या. बायका बांधावर असताना त्यांची पोरं सांभाळायची, म्हणजे त्यांना पोरांपायी घरी मोठी मुलगी ठेवायला नको. एकीचे दिवस संपले की दुसरीचे. डॉक्टरनं दिलेली वेळ टळून गेली होती आणि ही बाई रक्त जात असताना झोळ्या हलवत बसली होती.

मी तशीच बांधावर चढले. "तुम्हाला लाज नाही वाटत? मरायला टेकलेल्या बाईकडून काम करून घेता?"

बिदरवालीनं टोपलं खाली टाकलं. "आमी सांगितलाव का तिला? रोज भांडून राहिले मी. म्हणले, कंधारवाले, घरी जा, निज. ती म्हणती, फुकटचं घेनार न्हाई. तुमीच वारंगुळा म्हणलाव!"

"मग मदत म्हणाले असते तर?"

"तर आली नसती. तिला काय, मला बी फुकटची मदत म्हणली असती तर मी बी गेली नसती. भीक हाय का?"

मुकादम शिट्टी वाजवायला लागला. आम्ही दोघी ओरडतच लिंबापाशी आलो. अक्का शांत होत्या, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. दवाखाना सापडला, तिकीट सापडलं, बायका सापडल्या, आणि आता सगळं अडलं होतं ते आजारी माणसाच्या इभ्रतीपाशी. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण मला रागात रडू येत नाही.

मी खाली बसले आणि म्हटलं, "अक्का, तुमच्या वडिलांनी वारंगुळा केलेला तुम्ही बघितलाय?"

"बघितलाय की."

"आधी कुणाच्या रानात बैल जायचे?"

अक्का झोळी हलवत राहिल्या.

"बोला. कुणाच्या?"

"ज्याचा वापसा चालला असंल त्याच्या."

वापसा म्हणजे पेरणीपुरती ओल. ती निघून गेली की रान कितीही नांगरा, बी उगवत नाही. म्हणून ज्याच्या रानातली ओल आधी उडणार, त्याच्याकडं बैल आधी. उरलेला नंतर. आधी फेड आणि मग पेर, असं कुठल्याही रानात होत नाही.

"मग आता कुणाचा वापसा चाललाय?"

झोळीतलं पोर रडत होतं. अक्कांनी त्याला थोपटलं. म्हणाल्या, "आन मी माघारी आले न्हाई तर? हिचे दिवस बुडाले ना."

 उत्तर सुचलं ते बिदरवालीला. तिनं माझ्याकडं बोट केलं. "बुडत्यात कशाला? ही हाय की. हिच्याकडून वसूल करते मी. मास्तरीणबाई, खुरपं धरता येतंय का?"

"येतं," मी म्हटलं. ते खोटं होतं. लहानपणी धरलं होतं, एवढंच.

"बघ. कबूल हाय ती."

अक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी मान हलवली. तेव्हा त्यांनी झोळीची दोरी बिदरवालीच्या हातात दिली आणि उठायला माझा हात मागितला.

त्यांना मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवलं. आमचे हे मनमाडपर्यंत सोबत गेले, पुढं अक्का आणि बिदरवाली दोघीच. तिनं आयुष्यात आगगाडी पहिल्यांदा बघितली आणि डब्यातल्या सगळ्यांशी भांडण काढून अक्कांना खिडकीची जागा मिळवून दिली. दवाखान्यात त्या डॉक्टरांनी दिलेल्या वेळेनंतरच पोचल्या. डॉक्टर रागावले. ते तर रागावणारच. ते दिवस गेल्यानं काय फरक पडला, ते मी पुढं एकदा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी मानलं. पण ते दिवस मी विसरले नाही, आणि ते कुठं गेले याचा विचार केला की मला त्या लिंबाचाही राग येतो.

वारंगुळा ठरल्याप्रमाणे चालला. एकीनं तिथं जाऊन चार दिवसांत मला घरी जायचंय म्हणून रडारड केली, तिच्या जागी दुसरी लवकर गेली. एकीनं धर्मशाळेच्या स्वैपाकघरात भाकरी थापून सगळ्या गुजराती बायकांना शिकवली. शेवटचे दिवस माझे. रोज अक्कांना मशिनखाली पाठवायचं, बाहेर बाकावर बसायचं, आल्यावर ताक द्यायचं. अक्का माझ्याशी आजाराबद्दल कधीच बोलल्या नाहीत. बोलल्या ते एवढंच की, अमकीनं माझ्यासाठी इतकं केलं, तिचं लक्षात ठेव.

परत आल्यावर त्या बऱ्या वाटल्या. पाऊसही झाला, बेताचा. दिवाळीपर्यंत हिंडत-फिरत होत्या. त्या काळात त्यांनी पोरं सांभाळून, डाळी निवडून तिघींचे उरलेले दिवस फेडले. मी ओरडले तरी ऐकलं नाही. मग दुखणं उलटलं. पुढच्या पेरणीच्या आधी त्या गेल्या. बिदरवालीचे दिवस राहिले.

तिसऱ्या दिवशी नातेवाईक जमले. मावसबहीण म्हणाली, "शेवटी देवाच्या मनात होतं." जाऊ म्हणाली, "काही लागलं तर सांगा." मी काही सांगितलं नाही.

श्रावणात मुदखेडला एक माणूस शाळेत निरोप घेऊन आला. तो उदगीरच्या बाजाराला गेलेला, तिथं त्याला कुणीतरी सांगितलेलं. निरोप एवढाच: खुरपणी लागलीय, मास्तरणीला पाठवा. आमचे हे म्हणाले, "आता काय हे! बाई गेली, विषय संपला. मी चार मजुरांचे पैसे पाठवतो." मी म्हटलं, "पैसे नाही कबूल केलेले." हेडमास्तरांना रजेचं कारण काय लिहावं हे मला कळेना, म्हणून 'शेतीचे काम' असं खरंच लिहिलं.

बिदरवालीनं मला तिच्या रानाच्या बांधावर उभं केलं, हातात खुरपं दिलं आणि पहिल्याच ओळीत म्हणाली, "यव्वा, हायब्रीड जवारी ठेवायचीय आन गवत काढायचंय. तुमी उलटं करून राहिलाव."

बाकीच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "हळू हळू करा बाई, तपासून मार्क द्या गवताला." माझी ओळ सगळ्यांच्या मागं राहायची. दुपारपर्यंत तळहाताला फोड, संध्याकाळी पाठ सरळ होईना. पण कुणी माझी ओळ पुरी करून दिली नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं. अक्कांबद्दल कुणी फारसं बोललं नाही. एकदा पाणी पिताना बिदरवाली म्हणाली, "ती असती तर तुमची ओळ बघून हसली असती," आणि परत वाकली.

ठरलेले दिवस संपले. शेवटच्या संध्याकाळी माझी एक ओळ अर्धी राहिली होती. मला ते अर्धवट सोडवेना. मी म्हटलं, "उद्या सकाळची गाडी सोडते. ही ओळ आणि पलीकडची एक करून दुपारी जाते."

बिदरवालीनं माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "नको. फिटलं आता."

"अहो, अर्धा दिवस तर आहे."

"तेच म्हणते मी. जास्तीचा अर्धा दिवस कराल, मग तो मला फेडावा लागंल. मी मुदखेडला येऊन काय करू? तुमच्या पोरांना गणित शिकवू?"

आणि सकाळी मला पुढं घालून ती सडकेपर्यंत सोडायला आली, एसटी येईपर्यंत तिथंच उभी राहिली.